छोट्या कंपनीची वेबसाइट नव्याने बांधताना: वेग, चाव्या आणि जुने पत्ते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेलं 'म्हणजे, म्हणजे' काढून टाकलंय आणि आकडे जरा नीट मांडलेत, बाकी गप्पा त्याच आहेत.

विषय असा: छोट्या कंपनीची दहा-बारा वर्षांची जुनी वेबसाइट. उघडायला वेळ लावते, मोबाईलवर धड दिसत नाही, आणि 'चालतंय तोवर चालू दे' म्हणून कुणी हात लावत नाही. ती काढून तिथे वेगवान स्टॅटिक साइट कशी आणायची?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. साइट स्टॅटिक करणं हे यातलं सोपं काम आहे. अवघड असतं ते तिच्या आजूबाजूचं. डोमेन कुणाच्या नावावर आहे, मेल कुठून येतो, जुन्या लिंक कुठे कुठे छापल्या गेल्यात. वेग काही दिवसांत मिळतो. पण या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष झालं, तर साइट विजेसारखी उघडते आणि कंपनीला मात्र एन्क्वायरी येणं बंद होतं.

कंपनी कोणती, अडचण काय

उदाहरणासाठी मी केलेलं एक काम घेतो. नाव सांगत नाही. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. इम्पेलर, केसिंग, बेअरिंग हाऊसिंग अशी कामं. कास्टिंग बाहेरच्या फौंड्रीतून येतं, मशिनिंग यांच्याकडे होतं. मालक बाबांच्या ओळखीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. ऑफिस त्यांची सून सांभाळते, त्या वहिनी.

पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत त्यांचं व्हेंडर रजिस्ट्रेशन चाललं होतं. तिथल्या परचेस डिपार्टमेंटमधून फोन आला: तुमची साइट आमच्या नेटवर्कवर ब्लॉक होते, आणि मोबाईलवर गुगलमधून उघडली तर सट्ट्याची साइट येते. काकांनी लगेच आपल्या कॉम्प्युटरवर पत्ता टाइप करून बघितलं. साइट व्यवस्थित उघडली. त्यांचं म्हणणं, "त्यांच्याकडंच काहीतरी घोळ असणार बघ."

घोळ इकडेच होता. साइट वर्डप्रेसवर होती, आणि ती बरीच वर्षं कुणी अपडेट केलेली नव्हती. अशा साइटमध्ये कुणीतरी घुसून जो कोड टाकतं, तो बऱ्याचदा फक्त गुगलवरून येणाऱ्या किंवा मोबाईलवरच्या माणसालाच दुसरीकडे पाठवतो. थेट पत्ता टाइप करणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. म्हणजे मालकाला कधीच दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला रोज दिसतं. तुमच्या ओळखीत कुणाची जुनी साइट असेल, तर ती एकदा मोबाईलवर गुगलमध्ये शोधून उघडून बघा. पत्ता टाइप करून नको.

स्टॅटिक म्हणजे नेमकं काय

आता मूळ मुद्दा. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं, आणि ते मुळात ब्लॉगसाठी होतं. त्याची पद्धत अशी की तुम्ही पान मागितलं की सर्व्हरवर पीएचपीचा प्रोग्राम चालतो, तो डेटाबेसमधून मजकूर काढतो, साच्यात भरतो, आणि तयार झालेलं पान तुम्हाला पाठवतो. पुढच्या माणसाने तेच पान मागितलं की पुन्हा पहिल्यापासून. कॅश वापरून यातलं बरंच काम वाचवता येतं, पण प्रोग्राम आणि डेटाबेस पाठीमागे असतातच.

स्टॅटिक साइटमध्ये पानं आधीच करून ठेवलेली असतात. हॉटेलात डोसा ऑर्डरनंतर तव्यावर पडतो, आणि घरी दिवाळीला चकल्या एकदाच तळून डबा भरून ठेवतात, तसा फरक. पाहुणे आले की डबा उघडायचा, बास. पान मागितलं की सर्व्हरने फाइल उचलून द्यायची. प्रोग्राम नाही, डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये पहिली वेबसाइट केली तीही अशीच, साध्या फाइलींची. आपण तिथेच परत जातोय, फक्त फाइली हाताने लिहीत नाही.

याने दोन गोष्टी होतात. एक, वेग. फाइल देणं हे सर्व्हरचं सगळ्यात हलकं काम, आणि त्याच फाइली सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवता येतात. कोल्हापुरातल्या माणसाला पान मुंबईतून मिळतं, अमेरिकेतून यायची गरज पडत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घुसायला जागाच कमी होते. पीएचपी ५.६ च्या सुरक्षा दुरुस्त्या डिसेंबर २०१८ अखेर बंद झाल्या. त्यानंतरही त्यावर चालणाऱ्या साइट मी बघितल्यात. छोट्या कारखान्यात प्लगइन अपडेट करत बसणार कोण? ज्याची देखभाल होणारच नाही असं यंत्र न बसवणंच बरं.

काकांच्या साइटवर काय होतं? कंपनीची माहिती, दीडशेच्या वर सुटे भाग, सर्टिफिकेटं, पत्ता, फोन. हा मजकूर महिन्यातून एखाद्या वेळी बदलतो. त्यासाठी प्रत्येक पाहुण्याला नवा घाणा कशाला?

आधी चाव्या गोळा करा

कोडची एक ओळही लिहिण्याआधी तीन चाव्या शोधायच्या.

पहिली चावी डोमेनची. डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे घेतलंय, ते खातं कुणाच्या ईमेलवर आहे, आणि मुदत कधी संपते. छोट्या कंपन्यांमध्ये सर्रास दिसतं ते असं की साइट करून देणाऱ्यानेच डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलेलं असतं. वाईट हेतूने असतं असंही नाही, त्या वेळी ते सोयीचं होतं. पण तो माणूस नोकरी बदलतो, गाव बदलतो, नंबर बदलतो. आणि कंपनीच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डवर, बिलावर जे नाव छापलंय ते दुसऱ्याच्या खात्यात राहतं. इथे तेच होतं. काकांनी स्वतः फोन केला, चहाला बोलावलं, आणि त्या गृहस्थांनी डोमेन अनलॉक करून ट्रान्सफर कोड दिला. हे काम काकांनीच करायचं होतं. डेव्हलपरने डेव्हलपरला फोन केला की त्याला वाटतं आपली खोट काढायला आलेत. जुन्या ओळखीच्या मालकाने बोललं की काम होतं.

दुसरी चावी डीएनएसची. डोमेन म्हणजे नाव, आणि डीएनएस म्हणजे त्या नावाची वही: साइटसाठी या सर्व्हरवर जा, मेलसाठी त्या सर्व्हरवर जा. या वहीतली प्रत्येक नोंद आधी उतरवून घ्यायची. स्क्रीनशॉट काढा, शीटमध्ये लिहा, काहीही करा, पण सगळ्या नोंदी घ्या.

तिसरी चावी मेलची, आणि खरा सापळा इथेच आहे. जुन्या होस्टिंगवर साइट आणि मेल बहुतेक वेळा एकाच सर्व्हरवर असतात. मेल कुठे पोचवायचा हे एमएक्स नावाची नोंद सांगते, आणि ती पुष्कळदा थेट मुख्य डोमेनकडेच बोट दाखवते. आता तुम्ही नवी साइट चालू करायला मुख्य डोमेनची नोंद नव्या होस्टिंगकडे वळवली, की मेलही तिकडे जायला लागतो. तिथे मेल घेणारं कुणीच नाही. साइट झकास उघडतेय आणि कोटेशनच्या एन्क्वायरी मात्र परत जातायत, असा प्रकार. उपाय असा की आधी मेलसाठी वेगळं उपनाव करून ते जुन्या सर्व्हरकडे ठेवायचं आणि एमएक्स नोंद त्या उपनावाकडे वळवायची. किंवा मेल आधी एखाद्या स्वतंत्र मेल सेवेत हलवायचा, आणि ते स्थिर झालं की मग साइटला हात घालायचा. एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदीही सोबत न्यायच्या, नाहीतर तुमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात.

जुनी साइट उचलताना

चाव्या हातात आल्या की जुन्या साइटची यादी करायची. मी दोन ठिकाणांहून यादी काढतो. एक, सगळी साइट डब्ल्यूगेटसारख्या साधनाने उतरवून घेतो, म्हणजे प्रत्येक पान आणि प्रत्येक पीडीएफ आपल्याकडे फाइल म्हणून येते. दुसरं, गुगल सर्च कन्सोलमध्ये कोणत्या पानांवर लोक खरंच येतात ते बघतो. इथे गंमत दिसली. काकांना होमपेजचा हलता स्लायडर प्रिय होता. लोक येत होते ते एका जुन्या पीडीएफवर, ज्यात कोणत्या पंपाला कोणता इम्पेलर बसतो याचा तक्ता होता. म्हणजे साइटवरची सगळ्यात कामाची गोष्ट मेनूमध्येही नव्हती.

एखादं पान मधल्या काळात उडालं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये बघा. बऱ्याचदा मजकूर तिथे सापडतो. आणि घुसखोरी झालेल्या साइटवरून मजकूर घेताना फक्त मजकूर आणि फोटो घ्या. जुना कोड नव्या घरात आणू नका.

आता खास आपला मराठी प्रश्न. साइटवर एक मराठी पान होतं, कंपनीच्या सुरुवातीची हकीकत. ते श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच चिन्हं. फॉन्ट काढला की उरतो तो सगळा गिचमिडा. गुगलला ते मराठी म्हणून कळत नाही, कॉपी करून पेस्ट केलं तरी कळत नाही, अंध माणसाचं स्क्रीन रीडरही ते वाचू शकत नाही. ते युनिकोडमध्ये बदलावं लागतं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण पुढे डोळ्यांनी वाचणं सुटत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलट बाजूने सरकतो. 'दुसऱ्या', 'पुऱ्या' मधला तो अर्धा र हमखास मोडतो. वहिनींनी ते पान मोठ्याने वाचलं, आणि डोळ्यांना न दिसलेल्या चुका कानाला लगेच टोचल्या. ही युक्ती मी तेव्हापासून सगळीकडे सांगतो.

साचा वेगळा, माहिती वेगळी

स्टॅटिक साइट बांधायला जनरेटर वापरतात. जेकिल २००८ मधलं, रुबी भाषेतलं. ह्युगो २०१३ मधलं, गो भाषेतलं, आणि एकच फाइल डाउनलोड करून चालतं. इलेव्हन्टी, अ‍ॅस्ट्रो हे जावास्क्रिप्टच्या बाजूचे. कोणतं चांगलं यावर वाद घालायला मजा येते, पण दीडशे पानांच्या साइटला कोणतंही चालतं. मी ह्युगो घेतलं, कारण पाच वर्षांनी दुसऱ्या कुणी हे उघडलं तर त्याला दोनशे पॅकेजं बसवत बसायला लागू नये.

तत्त्व सगळ्यांचं एकच. माहिती एकीकडे, साचा दुसरीकडे. सुट्या भागांची माहिती एका शीटमध्ये: पार्ट नंबर, नाव, मटेरियल ग्रेड, वजन, कोणत्या पंपाला बसतो, फोटोचं नाव. साचा एकदाच करायचा. जनरेटर शीटमधली प्रत्येक ओळ घेतो, साच्यात भरतो, आणि प्रत्येक भागाचं स्वतंत्र पान तयार करतो. ज्यांनी कास्टिंग बघितलंय त्यांना हे लगेच कळतं. काकांना सांगितलं, "पॅटर्न एकदा केला की पुढचे सगळे नग त्यातूनच, तसं हे." त्यांनी मान डोलवली आणि विचारलं, "मग पॅटर्न कुणाकडं राहणार?" अख्ख्या कामातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनी विचारला. त्याचं उत्तर पुढे देतो.

पीडीएफमधला तो तक्ता आम्ही खऱ्या तक्त्याच्या रूपात साइटवर आणला, मेनूत सगळ्यात वर. आता पंपाचं मॉडेल गुगलमध्ये टाकलं तर थेट त्या भागाचं पान सापडण्याची सोय झाली.

वेग कुठे जातो

स्टॅटिक केलं म्हणजे साइट आपोआप वेगवान झाली, असं नाही. सर्व्हरने फाइल पटकन दिली, पण फाइलच अवजड असेल तर काय? जुन्या छोट्या साइटवर वजन बहुतेक फोटोंचं असतं. साधा हिशेब करू. फोनमधून काढलेला फोटो ४ एमबीचा. स्लायडरमध्ये असे पाच टाकले की २० एमबी, म्हणजे १६० मेगाबिट. एमआयडीसीच्या रस्त्यावर मोबाईलला ८ एमबीपीएस मिळत असेल, तर नुसते फोटो उतरायला २० सेकंद. तेच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी प्रकारात साठवले आणि प्रत्येकी दीडशे केबीवर आले, तर पाच मिळून ६ मेगाबिट. सेकंदाच्या आत काम संपलं. मोबाईलच्या पडद्यावर दोन्हींतला फरक डोळ्याला कळतही नाही.

हे आकाराचं काम जनरेटरलाच सांगायचं, हाताने करायचं नाही. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची पानात लिहून ठेवायची, म्हणजे फोटो येईपर्यंत मजकूर उड्या मारत नाही. खालचे फोटो गरज पडेल तेव्हाच मागवायचे. वरचा पहिला फोटो मात्र लगेच.

स्लायडर? काकांशी तह झाला. एकच फोटो, पण तो त्यांच्या नव्या सीएनसी मशिनचा.

मोजायचं कशाने? गुगलचे तीन आकडे आहेत. सगळ्यात मोठा भाग दिसायला २.५ सेकंदांच्या आत. क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत. आणि मजकूर हलण्याचं माप ०.१ च्या आत. हे पेजस्पीड इनसाइट्समध्ये फुकट तपासता येतं. पण त्यातल्या शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागू नका. एक स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, आणि कारखान्याच्या गेटवर उभं राहून साइट उघडा. खरी परीक्षा ती.

फॉन्टचंही बघा. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे आकार पुष्कळ असतात, त्यामुळे फाइल जड होते. चार वजनांचा सुंदर फॉन्ट लावण्याआधी विचार करा. अँड्रॉइडमध्ये नोटो, विंडोजमध्ये निर्मला, अ‍ॅपलमध्ये कोहिनूर देवनागरी हे आधीच असतात. छोट्या साइटला तेवढं पुरतं, आणि एकही बाइट उतरवावा लागत नाही. फॉन्ट लावायचाच असेल तर एक किंवा दोन वजनं, आणि तो येईपर्यंत मजकूर फोनच्या फॉन्टमध्ये दिसू द्या.

आणखी एक बारीक गोष्ट. मराठी पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा कोड मराठीचा लिहा. बरेच साचे तिथे इंग्रजीच ठेवतात, कुणी हिंदी टाकतात. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. युनिकोडमध्ये अक्षर एकच आहे, वळण फॉन्ट ठरवतो, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो या भाषेच्या कोडवरून निवड करतो. एका छोट्या शब्दाने पान मराठी दिसायला लागतं.

फॉर्मचं काय

स्टॅटिक साइटला पाठीमागे प्रोग्राम नसतो, मग एन्क्वायरी फॉर्म कसा चालणार? फॉर्म स्वीकारून मेल पाठवणाऱ्या सेवा आहेत, काही होस्टिंगमध्येच ती सोय असते. पण आधी विचारा, फॉर्म कोण भरतं? वहिनींनी सांगितलं, फॉर्ममधून बहुतेक स्पॅमच येतं, खरे गिऱ्हाईक फोन करतात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तुटक्या भागाचा फोटो पाठवतात. मग आम्ही प्रत्येक भागाच्या पानावर व्हॉट्सअ‍ॅपची लिंक दिली, ज्यात त्या भागाचा पार्ट नंबर आधीच लिहिलेला असतो. गिऱ्हाइकाने फक्त 'पाठवा' दाबायचं. फॉर्म ठेवला, पण तीन रकान्यांचा, मोठ्या कंपन्यांच्या परचेसवाल्यांसाठी.

जुने पत्ते जपा

नवी साइट म्हटली की पानांचे पत्ते बदलतात. जुना पत्ता प्रश्नचिन्ह आणि आकड्यांचा, नवा सुटसुटीत. पण जुने पत्ते जगभर पसरलेले असतात. गुगलमध्ये, गिऱ्हाइकांच्या मेलमध्ये, आणि या कंपनीच्या बाबतीत पॅकिंगच्या बॉक्सवर छापलेल्या क्यूआर कोडमध्ये. गोडाऊनमध्ये असे बॉक्स थप्पीने पडलेले. ते काही परत छापणार नव्हतं कुणी.

म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहायचा आणि ३०१ रिडायरेक्ट लावायचा. ३०१ म्हणजे 'कायमचं स्थलांतर झालं, इकडे या'. पोस्टमनला नवा पत्ता देऊन ठेवावा तसं. पीडीएफचे पत्ते शक्यतो आहेत तसेच ठेवा, काही काम उरत नाही. काही स्टॅटिक होस्टिंगवर प्रश्नचिन्हानंतरच्या भागावर रिडायरेक्ट लावता येत नाही, तेव्हा होस्टिंग निवडण्याआधी हे तपासा, नंतर नको.

आणि सगळे जुने पत्ते होमपेजकडे वळवून मोकळं होऊ नका. इम्पेलर शोधत आलेल्या माणसाला होमपेज दाखवलं तर तो मागे फिरतो. घुसखोरांनी तयार केलेली सट्ट्याची पानं मात्र कुठेच वळवायची नाहीत. त्यांना सरळ '४०४, असं पान नाही' हेच उत्तर द्यायचं, म्हणजे गुगल ती हळूहळू काढून टाकतं.

बदलाचा दिवस

डीएनएसच्या नोंदीला एक मुदत असते, टीटीएल. ती ८६४०० सेकंद असेल तर बदल सगळीकडे पोचायला अख्खा दिवस जातो. म्हणून बदलाच्या दोन दिवस आधी ती ३०० सेकंदांवर आणायची. मग काही बिनसलं तर पाच-दहा मिनिटांत मागे येता येतं. दिवस निवडताना कोल्हापूरकडे सोमवारी एमआयडीसीची सुट्टी असते हे लक्षात घेतलं. रविवारी रात्री बदल केला, लगेच बाहेरून मेल पाठवून बघितला, उत्तर देऊन बघितलं, बॉक्सवरचा क्यूआर स्कॅन केला, सोमवारी दिवसभर लक्ष ठेवलं. जुनं होस्टिंग आणखी एक महिना चालू ठेवलं, फक्त आतली संसर्ग झालेली साइट काढून टाकली. सर्च कन्सोलमध्ये पुन्हा तपासणीची विनंती केली. तो लाल इशारा गेला, आणि पुण्याच्या रजिस्ट्रेशनची फाइल पुढे सरकली. ऑर्डर भावावर ठरेल, ते साइटचं काम नाही.

पॅटर्न कुणाकडे

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. सगळी खाती, म्हणजे डोमेन, होस्टिंग, कोडचा साठा, कंपनीच्या ईमेलवर. माझ्या नाही. प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची खात्री, आणि बॅकअप कोड ऑफिसच्या कपाटात छापून. साइट स्टॅटिक असली तरी खातं चोरीला गेलं तर सगळंच गेलं.

भाग वाढवायचा तर वहिनी शीटमध्ये ओळ भरतात, फोटो टाकतात, आणि काही मिनिटांत नवं पान तयार होतं. पार्ट नंबरचा रकाना रिकामा राहिला तर पानं बांधण्याचं काम तिथेच थांबतं आणि जुनी साइट जशीच्या तशी चालू राहते. अर्धवट काहीच बाहेर जात नाही. सोबत मराठीत दोन पानांची टिपण दिली: काय कुठे आहे, मुदत कधी भरायची, आणि मी नसलो तर दुसऱ्या इंजिनिअरला काय दाखवायचं.

हे सगळ्यांना लागू आहे का? नाही. ऑनलाइन पैसे घ्यायचे, लॉगिन हवं, स्टॉक मिनिटामिनिटाला बदलतो, किंवा पाच माणसं रोज लेख टाकतात, तर पाठीमागे प्रोग्राम लागतोच, आणि मग त्याची देखभाल करणारा माणूसही लागतो. वर्डप्रेस वाईट नाही. सोडून दिलेलं वर्डप्रेस वाईट.

तर मंडळी, कामाचा क्रम पुन्हा एकदा. आधी डोमेन, डीएनएस, मेल. मग पानांची यादी. मग साचा आणि शीट. मग फोटो हलके करणं. मग जुने पत्ते वळवणं. शेवटी बदल, आणि चाव्या मालकाच्या हातात.

एवढं सगळं आज करायचं नसेल तर एकच करा. ज्या कंपनीशी तुमचा संबंध आहे, तुमची, घरच्यांची, मित्राची, तिचं डोमेन कोणत्या ईमेलवर घेतलंय आणि त्याची मुदत कधी संपते, एवढं विचारा. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर सुरुवात तिथूनच करायची आहे.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.